मायकेल आठवा पॅलिओलोगोस याला चर्चने अंत्यविधी का नाकारला?

प्रश्न असा आहे: लॅटिनांच्या, म्हणजे पश्चिम युरोपातल्या कॅथलिकांच्या, ताब्यातलं कॉन्स्टँटिनोपल १२६१ मध्ये परत मिळवणारा बायझंटाइन सम्राट मायकेल आठवा पॅलिओलोगोस वारला, तेव्हा त्याच्याच चर्चने त्याला अंत्यविधी नाकारला, असं वाचलं. हे खरं का, आणि असं का झालं? शिवाय, नायसियाच्या राज्याने राजधानीचा नाद सोडून आशिया मायनरच (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) सांभाळलं असतं तर बरं झालं असतं का?

होय, खरं आहे. ११ डिसेंबर १२८२ रोजी थ्रेसमध्ये, मोहिमेवर असताना, एका खेड्यात मायकेल वारला. वय अठ्ठावन्नच्या आसपास. त्याचा मुलगा अँड्रोनिकोस याने रात्रीच प्रेत छावणीपासून दूर नेववलं आणि जनावरांनी फाडू नये एवढ्यापुरती त्यावर माती लोटवली. प्रार्थना नाही, धूप नाही, राजधानीत मिरवणूक नाही. पुढे ते प्रेत सिलिंब्रियाच्या, म्हणजे आजच्या सिलिव्हरीच्या, एका मठात हलवलं गेलं. ज्या शहरात तो विजयी होऊन शिरला होता, तिथे त्याला जागा मिळाली नाही. त्याची विधवा थिओडोरा हिच्याकडून तर चर्चने लेखी कबुली घेतली: नवऱ्याच्या धार्मिक धोरणाशी माझा संबंध नाही आणि त्याच्यासाठी विधी करा असं मी म्हणणार नाही.

याचं नेहमीचं उत्तर सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. १२७४ मध्ये लिआँच्या धर्मपरिषदेत मायकेलने ऑर्थोडॉक्स चर्च रोमच्या पोपच्या अधिकाराखाली आणण्याचं कबूल केलं, त्यामुळे त्याची प्रजा आणि पाद्री त्याच्यावर उलटले. हे बरोबर आहे, पण अर्धंच. मी हा काळ बरीच वर्षं शिकवतो आणि विद्यार्थ्यांना लिआँपासून सुरुवात करू देत नाही. सुरुवात १२५८ पासून करायची, एका सात वर्षांच्या पोरापासून. तिथे गादी ज्या रीतीने आली, त्या रीतीनेच पुढचा प्रत्येक निर्णय मायकेलच्या गळ्यात पडत गेला, असं माझं मत आहे. लिआँ त्या साखळीतलं एक कडं.

थोडी पार्श्वभूमी. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि तिथे एक लॅटिन सम्राट बसवला. ग्रीक सरदार पांगले आणि तीन ठिकाणी राज्यं उभी राहिली: एपिरस, ट्रेबिझोंड आणि नायसिया. यातलं नायसिया सगळ्यांत पुढे गेलं, ते लास्कारिस घराण्यामुळे. जॉन तिसरा व्हाताझिस (१२२१ ते १२५४) हा त्यातला खरा कर्तबगार राजा. त्याने शेती सुधारली, सीमेवर शिपाई वसवले, उधळपट्टीला आळा घातला. सरकारी कोंबड्यांची अंडी विकून आलेल्या पैशातून त्याने राणीसाठी मुकुट करवला, अशी गोष्ट इतिहासकार ग्रेगोरास सांगतो. गोष्ट थोडी फुगवलेली असेलही, पण राज्य कसं चालत होतं याचा अंदाज तिच्यातून येतो.

मायकेल याच दरबारात वाढला. जन्म १२२३ ते १२२५ च्या दरम्यान. बाप अँड्रोनिकोस पॅलिओलोगोस हा नायसियाचा सेनापती. आई जुन्या अँजेलोस सम्राटांच्या वंशातली. म्हणजे रक्ताने तो कुठल्याही लास्कारिसपेक्षा कमी नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं आणि लास्कारिसांनाही. कोवळ्या वयातच मेलनिक आणि सेरेस या मॅसिडोनियातल्या ठाण्यांचा कारभार त्याच्याकडे आला, आणि १२५३ मध्ये राजद्रोहाचा आरोपही आला. पुरावा ऐकीव गप्पांचा. तेव्हा त्याला सुचवण्यात आलं, की तापलेलं लोखंड हातात धरून निर्दोषत्व सिद्ध कर.

हा प्रसंग न्यायाधीशांपैकी एक असलेल्या आक्रोपोलितिसने लिहून ठेवला आहे, आणि मायकेलचा सगळा स्वभाव त्यात आहे. मायकेल म्हणाला, मी पापी माणूस, मला चमत्कार करता येत नाहीत. पण फिलाडेल्फियाचे बिशप फोकास इथे आहेत, पवित्र माणूस आहेत. त्यांनी स्वतःच्या हाताने ते लोखंड उचलून माझ्या हातावर ठेवावं, मी आनंदाने घेईन. बिशप गडबडला आणि म्हणाला, ही रीत आपली नव्हे, रानटी लोकांची आहे. त्यावर मायकेल: मग मी रोमन आईबापांचा मुलगा, माझा निवाडाही रोमन कायद्यानेच होऊ द्या. (हे लोक स्वतःला रोमनच म्हणवत, ‘बायझंटाइन’ हे नाव मागाहून आलं.) तो सुटला. व्हाताझिसने त्याच्याकडून निष्ठेची शपथ घेतली, आपल्या नात्यातली थिओडोरा त्याला दिली आणि लॅटिन भाडोत्री शिपायांच्या पथकावर नेमलं. ते पथक लक्षात ठेवा.

व्हाताझिसनंतर आलेला थिओडोर दुसरा लास्कारिस हुशार, विद्वान आणि संशयी. जुन्या सरदार घराण्यांवर त्याचा विश्वास नव्हता; साध्या घरातल्या जॉर्ज मुझालोनसारख्यांना त्याने वर आणलं. मायकेलला पुन्हा अटकेचा वास आला तेव्हा तो १२५६ मध्ये सरळ सेल्जुक तुर्कांच्या सुलतानाकडे पळाला आणि सुलतानाच्या बाजूने मंगोलांशी लढला. मग अभयाचं वचन आणि नव्या शपथा घेऊन परत आला. मायकेलच्या चरित्रात शपथांचा इतका सुकाळ आहे की मोजायचा कंटाळा येतो.

ऑगस्ट १२५८ मध्ये थिओडोर वारला. वारस जॉन चौथा, वय सात. राज्य सांभाळायला मुझालोन. मेलेल्या सम्राटाच्या नवव्या दिवशीच्या प्रार्थनेसाठी सगळे मॅग्नेशियाजवळच्या सोसांद्रा मठात जमले असताना शिपाई आत घुसले आणि मुझालोनचे वेदीपाशीच तुकडे केले. शिपाई लॅटिन पथकाचे, पथक मायकेलचं. हुकूम त्याने दिला होता का, याचा कागद नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत फायदा कोणाला झाला ते सगळ्यांना दिसलं: मायकेल राजपुत्राचा पालक झाला, मग ‘देस्पोत’ ही सम्राटाखालोखालची पदवी आली आणि १२५९ च्या सुरुवातीला सहसम्राट. राज्याभिषेकात आधी मुकुट मायकेलला आणि थिओडोराला. ज्याचं राज्य होतं त्या पोराच्या डोक्यावर मोत्यांची एक पट्टी. पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख, आर्सेनिओस याला हे पसंत नव्हतं, पण मायकेलने पोराशी इमान राखण्याची शपथ घेतली होती आणि आर्सेनिओसने तिच्यावर भिस्त ठेवली. कुंपणानेच शेत खायला घेतलं होतं, तरी राखणदाराला अजून आशा होती.

आता मायकेलच्या जागी उभं राहून बघा. पोर मोठं होणार. दहाएक वर्षांनी ते गादी मागणार, आणि आशिया मायनरमधले शेतकरी, सीमेवरचे शिपाई त्याच्या आजोबाचं नाव घेऊन त्याच्यामागे उभे राहणार. मायकेलला असं काही करून दाखवायला हवं होतं जे लास्कारिसांना पन्नास वर्षांत जमलं नव्हतं. असं काम एकच होतं.

१२५९ मध्ये पेलागोनियाला त्याच्या भावाने एपिरस, सिसिलीचा मॅनफ्रेड आणि अखाइयाचा फ्रँक राजा विल्यम या तिघांची युती मोडली. विल्यम गवताच्या गंजीत लपला होता आणि पुढे आलेल्या दातांवरून ओळखला गेला. मग मायकेलने १३ मार्च १२६१ रोजी निंफायॉन येथे जेनोआशी करार केला: त्यांनी ५० जहाजांपर्यंत आरमार द्यायचं, बदल्यात साम्राज्यभर जकातमाफ व्यापार. व्हेनिसचं आरमार लॅटिन सम्राटाला पोसत होतं, त्याला उतारा म्हणून हा सौदा होता. सौदा महागडा, आणि पुढे निव्वळ फुकट गेलेला. कारण चारच महिन्यांत आलेक्सिओस स्ट्राटेगोपुलोस नावाचा सेनानी सुमारे ८०० माणसं घेऊन कॉन्स्टँटिनोपलच्या बाहेरून जात असताना त्याला तटाबाहेरच्या शेतकऱ्यांकडून कळलं, की शहरातलं सैन्य आणि व्हेनिसची जहाजं काळ्या समुद्रातल्या एका बेटावर गेली आहेत. २५ जुलैच्या पहाटे त्याची माणसं आत शिरली, दरवाजा उघडला आणि शहर पडलं. लॅटिन सम्राट बाल्डविन मुकुट मागे टाकून जहाजावर पळाला. जेनोआचं एकही जहाज लागलं नाही. जकातमाफी मात्र राहिली, आणि जेनोआवाले काही वर्षांनी समोरच्या गालाता किनाऱ्यावर वसाहत करून कायमचे बसले.

मायकेल तेव्हा समुद्रापलीकडे छावणीत झोपला होता. लहानपणी त्याला वाढवणारी थोरली बहीण युलोगिया हिने येऊन उठवलं: ऊठ, शहर तुझं झालं. त्याचा विश्वास बसेना. त्याच सुमारास नायसियातल्या सेनाखेरिम नावाच्या एका वृद्ध अधिकाऱ्याने मात्र ही बातमी ऐकून कपाळ बडवून घेतलं. आपण असं काय पाप केलं की हे दिवस बघायला जगलो, रोमनांनी पुन्हा शहरात पाय ठेवला, आता कोणी भल्याची आशा करू नये, असं तो म्हणाल्याचं इतिहासकार पाखिमेरिस नोंदवतो. पाखिमेरिसचा जन्म नायसियातलाच आणि त्याने लिहिलं ते पुढचं सगळं पाहिल्यावर, तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडचे शब्द त्याने जरा घासूनपुसून घेतले असतील. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बीज इथे आहे, म्हणून सांगितलं.

१५ ऑगस्ट १२६१ रोजी मायकेल सुवर्णद्वारातून आत आला, पायी, पुढे मेरीचं ‘होदेगेत्रिया’ नावाचं मूर्तिचित्र घेतलेली माणसं. स्वतःला तो नवा कॉन्स्टंटाइन म्हणवू लागला. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर, हायपरपिरॉनवर, शहराच्या तटाने वेढलेली मेरी उमटली. पवित्र प्रेषितांच्या चर्चजवळ त्याने एक स्तंभ उभारला; त्यावर देवदूत मायकेल आणि त्याच्या पायाशी हातात शहराची प्रतिकृती घेऊन गुडघे टेकलेला सम्राट. प्रत्यक्षातलं शहर मात्र बकाल झालं होतं. ब्लाखेर्नाय राजवाडा लॅटिनांच्या धुराने इतका काळवंडला होता की सम्राटाला तिथे राहता येईना. तट दुरुस्त करायचे, समुद्राकडची भिंत उंच करायची, आरमार बांधायचं, रिकामी घरं भरायची. हे सगळं नायसियाच्या खजिन्यातून, जो व्हाताझिसने अंडी विकून भरला होता.

आणि मग हागिया सोफियामध्ये दुसरा राज्याभिषेक झाला. मायकेल, थिओडोरा, त्यांचा तान्हा अँड्रोनिकोस. जॉनला बोलावलंच नाही. त्याच वर्षीच्या नाताळात, जॉनच्या अकराव्या वाढदिवशी, त्याचे डोळे काढले गेले आणि त्याला मार्माराच्या किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यात टाकलं. बायझंटाइन समजुतीप्रमाणे आंधळा माणूस सम्राट होऊ शकत नसे. म्हणून मारण्याऐवजी डोळे काढणं ही सौम्य शिक्षा समजत. बहिणींची लग्नं परक्या, दुय्यम सरदारांशी लावून त्यांना देशाबाहेर घालवलं. दरबारातला तरुण लेखनिक मानुएल होलोबोलोस याने पोरासाठी दुःख केलं, म्हणून त्याचे नाक आणि ओठ कापले.

आर्सेनिओसने मायकेलला बहिष्कृत केलं. इथे चर्च आणि सम्राट यांच्यात जो दुरावा पडला तो पुढे पोपमुळे वाढला, सुरू इथे झाला. मायकेलने तीन वर्षं विनवण्या केल्या. प्रायश्चित्त सांगा, करतो. आर्सेनिओस स्पष्ट काही सांगेना. त्याच्या मनात बहुधा राजत्याग होता. मायकेलने तलवार काढून ठेवायचं नाटकही करून पाहिलं आणि म्हाताऱ्याने ती घ्यायला हात पुढे करताच मागे घेतली. शेवटी १२६५ मध्ये आर्सेनिओसला पदावरून काढून बेटावर धाडलं. २ फेब्रुवारी १२६७ रोजी नव्या पॅट्रिआर्क जोसेफसमोर बोडक्या डोक्याने गुडघ्यांवर येऊन मायकेलने गुन्हा कबूल केला आणि बहिष्कार उठला. पण आर्सेनिओसला मानणारा मोठा गट, विशेषतः आशिया मायनरमधले भिक्षू, यांनी हे मान्यच केलं नाही. त्यांची फूट १३१० पर्यंत टिकली. लिआँच्या सात वर्षं आधीच अर्ध्या चर्चच्या लेखी हा माणूस शपथमोडा होता. पुढे त्याने कितीही पटेल असा युक्तिवाद केला तरी ऐकणारा मनात म्हणणार: हाच ना तो?

आता पश्चिमेकडे. १२६६ मध्ये फ्रान्सच्या राजाचा भाऊ अँजूचा चार्ल्स याने मॅनफ्रेडला मारून सिसिली घेतली आणि पुढच्याच वर्षी व्हितेर्बोच्या करारात पळपुट्या बाल्डविनचे हक्क पदरात पाडून घेतले. उद्देश उघड होता: कॉन्स्टँटिनोपल परत घ्यायचं. मायकेलकडे चार्ल्सशी समुद्रात लढण्याइतकं बळ नव्हतं. चार्ल्सला लगाम घालू शकणारा माणूस एकच, पोप. आणि पोपला हवी होती चर्चची एकी.

मला मायकेलच्या मुत्सद्देगिरीचं मनापासून कौतुक वाटतं, ते याच पंधरा वर्षांसाठी. पोप बदलत होते, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि हा प्रत्येकाला वचनांवर खेळवत होता. चार्ल्सच्या भावाकडे, संत मानल्या गेलेल्या लुई नवव्याकडे, त्याने १२७० मध्ये ट्युनिसला वकील पाठवले. ते पोचले तेव्हा लुई मरणपंथाला लागला होता. तिकडे मंगोलांच्या दोन्ही गटांत आपल्या अनौरस मुली दिल्या: एक नोगाईला, दुसरी मारिया हुलागूसाठी निघाली आणि तो वाटेतच वारल्याने त्याचा मुलगा अबाका याच्याशी लागली. परत आल्यावर या मारियाने इस्तंबूलमध्ये ज्या मठाला आश्रय दिला, त्याचं चर्च ‘मंगोलांची मेरी’ या नावाने आजही ग्रीक चर्चच्या ताब्यात आहे. तिकडे इजिप्तच्या मामलुक सुलतानांशीही त्याचे करार होते. एकमेकांचे गळे घोटणारे मंगोल आणि मामलुक दोघेही आपले मित्र राखणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

लिआँबद्दल तो आपल्या पाद्र्यांना काय सांगत होता ते पाखिमेरिसने नोंदवलंय. मागण्या तीनच आहेत: पोपचं पहिलं स्थान मान्य करायचं, त्याच्याकडे अपील चालू द्यायचं, प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचं. पोप इथे येऊन पहिल्या आसनावर बसणार आहे का? अपिलासाठी एवढा समुद्र ओलांडून कोण जाणार आहे? मग नाव घेतलं तर आपलं काय गेलं? व्यवहाराच्या तराजूत हे अचूक आहे. पण ऐकणाऱ्यांच्या घरात १२०४ च्या लुटीच्या आठवणी होत्या, आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. आणि रोमला एवढ्यावर समाधान नव्हतं. ६ जुलै १२७४ रोजी लिआँत आक्रोपोलितिसने सम्राटाच्या वतीने रोमच्या श्रद्धेची शपथ घेतली. त्यात पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो हे लॅटिन कलमही होतं, ज्यावर दोन चर्चचं शतकांचं भांडण. बरोबर निघालेलं भेटवस्तूंचं दुसरं जहाज मालेया भूशिराजवळ माणसांसकट बुडालं होतं. घरी लोकांना त्यात देवाचा कौल दिसला.

पॅट्रिआर्क जोसेफने पद सोडलं. त्याच्या जागी आलेला जॉन बेक्कोस आधी एकीचा विरोधक होता, म्हणून तुरुंगात होता. तिथे ग्रंथ वाचता वाचता त्याचं मत खरोखरच बदललं. मायकेलच्या बाजूचा मनापासून पटलेला बहुधा हा एकटाच. बाकी ज्यांना पटलं नाही त्यांचे हाल झाले. नाककापल्या होलोबोलोसला, जो आता मोठा विद्वान आणि शिक्षक होता, इतरांबरोबर दोरीने बांधून, गळ्यात मेंढ्यांची आतडी घालून, काळजाच्या तुकड्यांनी तोंडावर मारत रस्त्यांतून फिरवलं. झोपेतून उठवून राजधानी मिळाल्याची बातमी देणारी बहीण युलोगियाही विरोधात गेली. तिला कैद केलं, ती पळून बल्गेरियाच्या राणीकडे, आपल्या मुलीकडे गेली आणि तिथून भावाविरुद्ध कारस्थानं करू लागली. १२७९ मध्ये पोपचे दूत, तुम्ही नुसतं तोंडदेखलं करता, असं म्हणत आले तेव्हा मायकेलने त्यांना तुरुंगात नेऊन साखळदंडातले स्वतःचे नातेवाईक दाखवले. यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ, असा त्याचा भाव.

या सगळ्याचं फळ मिळालं का? काही काळ, पुरेपूर. पोपने चार्ल्सला रोखून धरलं. रागाने चार्ल्स आपला राजदंड चावत असे, असं पाखिमेरिस म्हणतो. मधल्या काळात अल्बानियातल्या बेरातला १२८१ मध्ये चार्ल्सचं सैन्य मोडलं, त्याचा सेनापती पकडला गेला. पण त्याच वर्षी मार्टिन चौथा हा फ्रेंच पोप आला, चार्ल्सच्या खिशातला. त्याने मायकेलला बहिष्कृत केलं. ज्या एकीसाठी घर फुटलं, तिचा दुसरा वाटेकरीच उठून गेला. ऑर्थोडॉक्सांच्या लेखी लॅटिनधार्जिणा आणि पोपच्या लेखी पाखंडी, अशी मायकेलची गत झाली. व्हेनिस चार्ल्सला मिळालं होतं आणि हल्ल्याची तारीखही ठरली होती.

३० मार्च १२८२, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पालेर्मोत संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी फ्रेंचांची कत्तल सुरू झाली आणि बंड बेटभर पसरलं. मेसिनाच्या बंदरात कॉन्स्टँटिनोपलसाठी सज्ज केलेली चार्ल्सची जहाजं जाळली गेली. ऑगस्टच्या अखेरीस आरागॉनचा पेद्रो त्रापानीला उतरला. यामागे मायकेलचं सोनं होतं का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आरागॉनशी त्याचं संधान होतं यात शंका नाही. पण पालेर्मोच्या रस्त्यावरचा राग कोणी विकत आणलेला नव्हता. चार्ल्सच्या करवसुलीने तो आयता तयार होता. स्वतः मायकेल आपल्या आत्मवृत्तात म्हणतो, की सिसिलीकरांना देवाने मुक्त केलं आणि ते माझ्या हातून केलं, असं मी म्हणालो तर ते खरंच ठरेल. वाक्य नीट वाचा: श्रेय घेतलंय, पण काय केलं ते सांगितलेलं नाही. तापलेल्या लोखंडाच्या वेळी बोलला होता तसाच हा माणूस शेवटपर्यंत बोलला.

त्यानंतर आठ महिन्यांत तो वारला, आणि अँड्रोनिकोसने बापाचं सगळं धोरण दोन आठवड्यांत उलटवलं. बेक्कोस गेला, जोसेफ परत आला. विधी नाकारण्याचा निर्णय अँड्रोनिकोसपुरता मला व्यवहारी वाटतो. त्याला चर्च परत हवं होतं, आर्सेनिओसवाले परत हवे होते, आणि बापाचं प्रेत ही त्यासाठी देता येण्यासारखी सगळ्यांत स्वस्त गोष्ट होती. तो एवढ्यावर थांबला नाही. १२९० मध्ये किल्ल्यात जाऊन आंधळ्या जॉनला भेटला आणि माफी मागितली. म्हणजे लिआँ मोडून आठ वर्षं झाली तरी १२६१ चा हिशेब बाकीच होता. चर्चने नेमकं कशासाठी पुरलं नाही याचं उत्तर कागदोपत्री लिआँ हेच आहे. पण इतर सम्राटांनीही रोमशी वाटाघाटी केल्या आणि सन्मानाने पुरले गेले. मायकेलच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नव्हतं, याचं कारण तो अकरा वर्षांचा पोरगा.

आता दुसरा प्रश्न. राजधानी न घेता आशिया मायनर सांभाळलं असतं तर? मला हा पर्याय खरा वाटत नाही. नायसियाचे सम्राट स्वतःला कॉन्स्टँटिनोपलचेच सम्राट समजत, फक्त तात्पुरते बाहेर असलेले. व्हाताझिसनेही शहराला वेढा घातला होता. मायकेलने घेतलं नसतं तर पुढच्याने घेतलं असतं, किंवा बल्गेरियाने. तुर्कमान टोळ्यांचा दाब मंगोलांमुळे वाढणारच होता, राजधानी कुठेही असली तरी.

मात्र सीमा ज्या रीतीने उघडी पडली ती टाळता येण्यासारखी होती. व्हाताझिसच्या सीमेवर जे शिपाई होते त्यांना जमिनी होत्या, करमाफी होती. आपली जनावरं, आपलं घर राखण्यासाठी ते लढत. १२६२ मध्ये नायसियाजवळच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी एका आंधळ्या मुलाला जॉन लास्कारिस मानून बंड केलं. मायकेलला ते मोडायला मोठं सैन्य लागलं, आणि वश झाल्यावर त्यांच्यावर जबर कर बसवले. पुढे खादेनोस नावाच्या अधिकाऱ्याला पाठवून त्याने सीमेवरच्या सधन शिपायांच्या जमिनींची मोजदाद केली. प्रत्येकाला त्याच्याच उत्पन्नातून ४० हायपरपिरॉन पगार ठरवला आणि उरलेलं खजिन्यात. खजिना भरला, तो पश्चिमेकडच्या लढायांत आणि वकिलातींत गेला. पगारही वेळेवर मिळेना, तेव्हा काही शिपाई घर सोडून गेले, काही तुर्कांना वाटा दाखवू लागले. चांगली पथकं आधीच बाल्कनमध्ये नेलेली होती.

याला निव्वळ पैशाची निकड म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पुरत नाही. मायकेल त्या लोकांवर विश्वास ठेवू शकत नव्हता, कारण ते लास्कारिसांचे होते आणि त्याने लास्कारिसाचं काय केलं ते त्यांना माहीत होतं. ज्या प्रदेशाच्या जोरावर राजधानी मिळाली, तोच त्याला परका झाला. आयुष्याच्या अखेरीस, १२८० नंतर, तो साकार्या नदीच्या काठी मोहिमेवर गेला तेव्हा ओसाड गावं आणि निर्मनुष्य मळे पाहून हादरला. आपल्याला खरी स्थिती कोणी सांगितलीच नाही, असं म्हणाला. दक्षिणेला त्याच्या मुलाने नव्याने वसवलेलं ट्रालिस हे शहर पाण्यावाचून तडफडून तुर्कांच्या हाती पडलं.

याच मुलखात व्हाताझिस पुरलेला होता. लोक त्याला ‘दयाळू जॉन’ म्हणून संत मानू लागले आणि ४ नोव्हेंबरला त्याचा दिवस पाळू लागले. शहर न जिंकलेला सम्राट संत झाला. त्याच साकार्याच्या पट्ट्यात, मायकेलच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २७ जुलै १३०२ रोजी बाफेउसजवळ उस्मान नावाच्या एका टोळीप्रमुखाने बायझंटाइन सैन्य मोडलं. नायसिया १३३१ मध्ये त्याच्या मुलाने, ओरहानने घेतलं.